पहिल्या खुणेत

डोंबिवली (पूर्व)
शुक्रवार, १४ मार्च २०२५, धुळवड

चि. अपूर्व,

ताईचे आशीर्वाद. धाकट्या भावाला पत्र लिहिताना दुसरं काही लिहायची हाताला सवय नाही म्हणून लिहिले, फार मनावर घेऊ नकोस.

इकडचं सगळं तसं ठीक आहे. खाली पोरांचा धिंगाणा चाललाय, जिना गुलाबी झालाय. काल पुरणपोळ्या केल्या. पुरण जरा सैल झालं, पण बाबांनी दीड पोळी खाल्ली आणि वर "लग्न कुणाचं आहे?" म्हणून विचारलं. माझा गुडघा कुरकुरतोच आहे. संचिताचे दोन-तीन फोन आलेले, मी उचलले नाहीत. तिला सांग, नणंदेचा तिच्यावर राग नाही.

तुलाही फोन करता आला असता. पण फोनवर तू "अगं ताई, ऐक ना" म्हणतोस आणि मी ऐकते. पत्रात तुला मधे तोंड घालता येणार नाही.

तर रविवारबद्दल.

तू घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलास आणि दर रविवारचा ओळखा-पाहूचा व्हिडिओ कॉल संचिताने लावला. बाबा नेहमीसारखे इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले. संचिता म्हणाली, "अपूर्वने खुणा लिहून ठेवल्यात, मीच वाचते आज." आणि तिने तुझा कागद खालून वर वाचायला घेतला. तिला बिचारीला काय माहीत!

तिची पहिली खूण होती, "एका संकोची डॉक्टरने कागदाची सुरळी केली आणि त्यातून माझा जन्म झाला." मी मनातल्या मनात म्हटलं, स्टेथोस्कोप. बाबा ताठ बसले आणि म्हणाले, "नाना शंकरशेट!"

संचिता हसली. तिला वाटलं, बाबा गंमत करताहेत. तिने पुढची वाचली, "मी कल्याणात जन्मले, समुद्रापार जाऊन शिकले, पण माझ्या औषधाची पुडी एकाही रोग्याला मिळाली नाही." अरे, आनंदीबाई जोशी! शाळेतलं पोर सांगेल. बाबा म्हणाले, "आगकाडी!" तेही त्याच रुबाबात, टाळीची वाट बघत.

मग बाबा चिडले. "क्रम चुकतोय तिचा! अपूर्वने काल फोनवर चार वेळा घोकून घेतलंय माझ्याकडून. आधी नाना शंकरशेट, मग आगकाडी, मग आनंदीबाई, शेवटी स्टेथोस्कोप. तिला म्हणावं, नीट विचार."

काल म्हणजे शनिवारी. शनिवारी दुपारी मी शिकवणीला गेलेली असते, हे तुला पक्कं ठाऊक आहे.

अपूर्व, आपल्या घरात हा खेळ कुणी आणला? बाबांनीच ना? कारखान्यातून दमून यायचे, आणि जेवताना तीन खुणा. कधी माणूस, कधी शोध. पहिल्या खुणेत ओळखलं तर ताटातला शेवटचा पापड तुझा. आईला सगळं यायचं, पण ती आपल्यासाठी गप्प बसायची. आणि एकच नियम होता, उत्तर फोडायचं नाही. एकदा तू माझ्या कानात कुजबुजलास तर बाबांनी दोघांनाही पानावरून उठवलेलं. त्याच बाबांचा पेपर तू दर आठवड्याला फोडत होतास.

आणि तरी रविवारी रात्री मी तुझीच बाजू घेतली. खरं सांगते. मला वाटलं, म्हाताऱ्या बापाची लाज राखायला करत असेल माझा भाऊ. किती माया बाई याची, असं वाटून डोळ्यांत पाणी आलं माझ्या. इतकी मी येडी!

मंगळवारी सोसायटीच्या सेक्रेटरी मेघना वर्तक आल्या. म्हणाल्या, "उत्तराताई, फ्लॅट अपूर्वच्या नावावर झाला ना, त्याचे कागद आलेत. तुम्ही आता ठाण्याला राहायला जाणार का?" मी चहाचा कप तसाच धरून उभी. बक्षीसपत्र! जानेवारीत बाबांना "चार दिवस हवापालट" म्हणून तू घेऊन गेलास, तेव्हाचं. मी बरोबर डिंकाचे लाडू दिलेले, तुझ्यासाठी वेगळा डबा.

वर्तकबाईंनी विचारलेलं तुला, बाबांची तब्येत अशी, सही चालेल ना? तू त्यांना एका रविवारचा रेकॉर्ड केलेला व्हिडिओ दाखवलास. "बघा, पहिल्या खुणेत ओळखतात. डॉक्टरनेही हेच बघून सर्टिफिकेट दिलं." त्या बाई कौतुकाने सांगत होत्या रे. तुझ्या प्रत्येक व्हिडिओत बाबांच्या शेजारी मी आहे, टाळ्या वाजवतेय. साक्षीदार म्हणून मलाच बसवलंस की तू!

घर गेलं याचं दुःख नाही, असं म्हणून मोठेपणा मिरवणार नाही. दुःख आहे. आई गेल्यावर हे घर मी चालवलं, बाबांना मी सांभाळलं, आणि माझ्याच डोक्यावरचं छप्पर माझ्या टाळ्यांवर काढून घेतलं गेलं. तोंडाने मागितलं असतंस तर भांडले असते, रडले असते, आणि कदाचित अर्धं दिलंही असतं. केसाने गळा कापलास.

पण खरं दुखणं ते नाही. तेच लिहायचं टाळून मी मघापासून पुरणपोळी आणि गुडघा करतेय.

दिवाळीत मी बाबांसाठी मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतलेली, आठवतं? बाबा गॅस चालू ठेवायला लागले होते, बाथरूमऐवजी गॅलरीत जायचे. तू म्हणालास, "अगं ताई, ऐक ना. रविवारी बघितलंस ना? डोकं माझ्यापेक्षा तल्लख आहे त्यांचं. उगाच हॉस्पिटलच्या चकरा कशाला?" मी ऐकलं. वेळ रद्द केली. सोमवार ते शनिवार जे दिसायचं ते खोटं आणि रविवारी दिसायचं ते खरं, असं मी माझ्या मनाला समजावत राहिले. कारण मला ते हवं होतं.

परवा घेऊन गेले. डॉक्टर चांगले होते, ओरडले नाहीत. म्हणाले, "दिवाळीत आणलं असतं तर औषधाने काही काळ सावरता आलं असतं. आता बरंच पुढे गेलंय." तो काही काळ तू खाल्लास, अपूर्व. घर परत करता येईल, तो काळ कुठून आणशील?

आता कालचं सांगते. संध्याकाळी चहा दिला तर बाबा बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग अगदी सभ्यपणे म्हणाले, "माफ करा, आपलं नाव आठवत नाहीये."

मला वाटलं, खेळ म्हटल्यावर तरी आठवेल. म्हटलं, "ओळखा पाहू."

"पहिली खूण द्या."

'द्या' म्हणाले रे, मला.

"मी याच घरात लहानाची मोठी झाले."

"दुसरी?"

"तुम्ही मला सायकलवर पुढे बसवून शाळेत सोडायचात. मी घंटी वाजवायचे."

"हं. तिसरी?"

"माझं नाव तुम्ही ठेवलंत. आईला दुसरं हवं होतं, तुम्ही ऐकलं नाहीत."

त्यांचा चेहरा उजळला. ताठ बसले, पूर्वी बसायचे तसे.

"नाना शंकरशेट!" बाबा म्हणाले. "बरोबर ना? अपूर्वला कळवा, पाठ झालंय म्हणावं."

मी "बरोबर" म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

यापुढे शनिवारी फोन नको आणि रविवारी व्हिडिओ नको. तू स्वतः ये, आणि ते बक्षीसपत्र रद्द करायची तयारी करून ये, नाहीतर मी वकिलाकडे जाईन. ही धमकी नाही, वेळ घेतलेली आहे. भांडायचंय मला तुझ्याशी, कडाकडा भांडायचंय, पण येच. मी बाबांची मुलगी आहे हे ओळखणारा या घरात आता तू एकटाच उरला आहेस.

उत्तरा