पायाला लागला होता

११ डिसेंबर

लागला होता. पायाला लागला होता! इथे तरी लिहिते.

काल हॉकीची क्वार्टर फायनल. १-१, शेवटची सहा मिनिटं. आमच्या गोलसमोर चेंडू माझ्या डाव्या बुटाला लागला आणि पायाला लागला म्हणून पंचांनी त्यांना पेनल्टी कॉर्नर दिला. कस्तुराताई, आमची कॅप्टन, धावत आली. "लागला?" मी मान हलवली. "नाही ताई! शप्पथ!" शप्पथसुद्धा घेतली मी. तिने व्हिडिओ रेफरल मागितला. मोठ्या पडद्यावर चेंडू बुटाला लागताना अख्ख्या स्टेडियमने पाहिला. रेफरल गेला. एकदा चुकला की संपला, दुसरा मिळत नाही.

कॉर्नर कसाबसा अडवला. पण शेवटच्या मिनिटाला त्यांनी स्टिकच्या उलट्या बाजूने गोल मारला. तो चालतच नाही! आम्ही सगळ्यांनी पाहिलं, पंचांनी नाही. आणि मागायला रेफरल नव्हता. हरलो.

१२ डिसेंबर

पत्रकारांना ताई म्हणाली, "रेफरल मी घेतला, चूक माझी." मी शेजारी बसून बाटलीचं लेबल सोलत होते.

१५ डिसेंबर

दापोडीत, घरी. गल्लीच्या तोंडाशी फ्लेक्स लावलाय, त्यात माझं नाक जरा जास्तच मोठं.

बाबा चाकणला कंपनीत पार्ट तपासतात, दिवसभर हातात मापायचं गेज. खराब माल त्यांच्या हातून सुटत नाही. ते कंपनीच्या बसमध्ये चार जणांशी भांडून आलेत — माझ्यासाठी! जेवताना सांगत होते, "म्या म्हनलं, मशीनबी चुकतंय की! पोरीनं टीव्हीवर मान हलवली ना? मंग न्हाई लागला."

आणि मी काय केलं? आणखी वरण वाढून घेतलं. नालायक!

१८ डिसेंबर

नेहरूनगरला जुन्या क्लबात गेले. इथे सरावाला पंच नसतो. चेंडू पायाला लागला की जिचा तिने हात वर करायचा, हा आमच्या जुन्या कोच विजयश्री मॅडमचा नियम. आज लागला आणि माझा हात आपोआप वर गेला. मॅडमनी खेळ थांबवला. "बघा गं पोरींनो, इंडियाकडून खेळते तरी हात वर करते!" टाळ्या! जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "त्या दिवशीचं मनावर घेऊ नकोस. बूट जाड असतात, कळलं नसेल तुला."

कळलं होतं मॅडम. अंगठा अजून ठणकतोय.

१९ डिसेंबर

ताईला फोन लावला. पहिल्या रिंगलाच कट केला. भित्री.

२३ डिसेंबर

ताईबद्दल लोक वाट्टेल ते लिहितायत. आंधळी काय, घमेंडी काय. मी कोचसरांना मेसेज लिहिला — ताईची चूक नाही, मी खोटं बोलले. लिहिला, पाठवला नाही. इंडियाच्या शिबिराची यादी लागायची आहे. एकदा माझं नाव येऊ दे, मग पाठवते.

हे वाचून माझीच मला किळस येतेय. पण खरं कारण हेच आहे.

२७ डिसेंबर

यादी लागली. ताईचं नाव नाही. कॅप्टन — मी.

सगळ्यांच्या आधी ताईचाच मेसेज आला. "अभिनंदन वर्षाली. रेफरल मागायच्या आधी पोरीच्या तोंडाकडे बघत जा. मी बघितलं होतं. कळलं होतं मला. तू शप्पथ घेतलीस म्हणून मागितला."