निवडुंगाच्या कुंडीवर पाणी सोडण्याबाबत

मी, खाली सही करणारी, बायकांचे कपडे शिवणारी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना लिहून ठेवते. कोणाचेही दडपण नाही, असे लिहायची रीत आहे. दडपण आहे, पण ते माणसाचे नाही. उद्याच्या ऑपरेशनचे आहे. छाती उघडणार आहेत. मला फार भीती वाटते. सकाळपासून सुईत दोरा जात नाही.

राहते घर व बँकेतली शिल्लक माझ्या यजमानांना. शिलाई मशीन भाचीला. कापडाची कात्रीही तिलाच. धाकट्या जावेच्या हाती ती पडू नये. तिने त्या कात्रीने कागद कापला आणि वर म्हणाली, "कात्री ती कात्रीच!" धार गेली ती गेलीच.

खिडकीतला छोटा निवडुंग यजमानांना. इथे वकिलांनी लिहिले होते, "सदर कुंडीवरील सर्व हक्कांवर मी पाणी सोडते." ते मी खोडायला लावले. आमच्याकडे पाणी सोडा म्हटले की लगेच तांब्या येतो. आधीचे दोन निवडुंग ह्यांनी मायेनेच मारले. मुळांचा लगदा झाला होता. म्हणून स्पष्ट लिहिते: माती तळापर्यंत वाळल्यावरच पाणी घालावे, ताटलीत साचलेले ओतून टाकावे. थंडीत जवळजवळ नकोच. सकाळचे ऊन द्यावे. उगाच मोठी कुंडी आणू नये.

हे कलम वाचून दाखवले तेव्हा हे म्हणाले, "अगं, पण त्याला तहान लागली तर?"

"अहो, सुरकुतेल तो. मग घाला."

"आणि तोवर मी काय करू?"

"काही नाही. नुसतं बसायचं."

"एकट्याने?"

आम्ही दोघे निवडुंगाकडे बघत बसलो. मरणाची भीती होतीच, त्यात ह्यांची काळजी.

शेवटचे कलम. निवडुंगाला उठसूट हात लावू नये. माझा हात मात्र उद्या ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत सोडू नये. वकील म्हणाले, "बाई, हे यात बसत नाही. मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं."

मी म्हटले, एवढे एक कलम आधी लागू करा.

साक्षीदार: शेजारचे इस्त्रीवाले (सही)
वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई (सही)
स्थळ: राहते घर
दिनांक: ऑपरेशनचा आदला दिवस
सही वाकडी आली आहे. हात ह्यांनी आत्तापासूनच धरून ठेवला आहे.