सहावी सुधारणा

४ सप्टेंबर, सोमवार

नोकरीचा पहिला दिवस पार पडला आणि मी अजून धडधाकट आहे. खोली लहान आहे, पण खिडकी मोठी. घरमालकीणबाई निवृत्त नर्स आहेत. चाव्या देताना त्यांनी तीन सूचना एका दमात दिल्या: नळ नीट बंद करायचा, गॅस नीट बंद करायचा आणि आजारी पडायचं नाही.

ऑफिस एका दाताच्या दवाखान्याच्या वर, तिसऱ्या मजल्यावर आहे. खाली दात चमकवतात, वर आम्ही फोटो. आमची साइट हौशी लोकांसाठी. कोणीही आपला फोटो टाकावा. तो ‘खुला’ ठेवला तर कुठलाही सभासद त्यात सुधारणा सुचवतो, म्हणजे उजेड वाढवतो, मधे आलेली तार पुसतो, वाकडं क्षितिज सरळ करतो. मग सगळे मतं देतात. पुरेशी मतं पडली की जुन्याच्या जागी नवा फोटो बसतो, अगदी मालकाच्या फोनमध्येसुद्धा. जुना राहत नाही. अशा सहा सुधारणा झाल्या की फोटो पक्का. पुढे त्याला कोणी हात लावू शकत नाही.

माझं काम तपासणीचं. पुसल्या जागी डाग राहिला नाही ना, सावली लोंबकळत नाही ना, कडा फाटक्या नाहीत ना, हे बघायचं आणि हिरवं बटण दाबायचं.

साइट चालवणाऱ्या बाईंना सगळे मॅडम म्हणतात. मला कामाला बसवताना त्या म्हणाल्या, “साधा फोटो काढणाऱ्याचा असतो, चांगला फोटो सगळ्यांचा.” मी ते वाक्य टेबलाच्या कडेला चिकटवून ठेवलं. शेजारी बसणारा सहकारी दुपारी जेवणानंतर डोळे मिटून तपासणी करतो, म्हणून त्याला बोका म्हणतात. त्याची त्याला हरकत नाही.

आईला फोन केला. मी पदवी घेऊ दे नाहीतर चंद्रावर जाऊ दे, तिचा पहिला प्रश्न एकच: जेवलीस का?

७ सप्टेंबर

काम फार आवडतंय. बसचालक, शिक्षिका, एक पोस्टमन, एक दुकानदार, सगळे साध्या फोनवर फोटो काढतात आणि अनोळखी माणसं ते मनापासून सुधारून देतात. बदल्यात काही मागत नाहीत. कॉलेजात आम्ही ‘समाज’ या विषयावर पानंच्या पानं लिहिली, पण असा हातात आला नव्हता.

आज एका तळ्याचा फोटो तपासला. बाकावर पाठमोरा एक म्हातारा बसला होता. कोणीतरी त्याला इतका सफाईने पुसला होता की बाकाच्या लाकडाच्या रेषाही जुळल्या. मी हिरवं बटण दाबलं. बोका डोळे न उघडता म्हणाला, छान.

११ सप्टेंबर, सोमवार

माझाही फोटो टाकला. पदवी मिळाली त्या दिवशी शेजाऱ्यांनी आमच्या दारात काढलेला. आई, बाबा, मी आणि धाकटी ढमी. आमच्या घरातली पहिली पदवी, त्यामुळे सगळ्यांच्या माना जरा जास्तच ताठ. ढमी मात्र जीभ बाहेर काढून.

बोका म्हणाला, घरचा फोटो ‘राखीव’ ठेव, मीही ठेवतो. का, विचारलं, तर म्हणाला, सवय. मला हे पटलं नाही. लोकांना सांगायचं दारं उघडी ठेवा आणि आपण कडी लावून बसायचं? मी ‘खुला’वर टिचकी मारली. एकदा खुला केलेला परत राखीव होत नाही, असं खाली बारीक अक्षरात आलं. बरंच आहे. मागे फिरायचा प्रश्नच नाही.

१३ सप्टेंबर

पहिली सुधारणा आली! मागच्या भिंतीवरची ओल कोणीतरी पुसली. सुरेख काम. मीच तपासली, मीच हिरवं बटण दाबलं.

संध्याकाळी आई सांगत होती, पाच वर्षं न हटलेली ओल आपोआप वाळली. बाबा म्हणे भिंतीला कान लावून बघत होते, आत पाणी कुठे गेलं म्हणून. आम्ही खूप हसलो.

१४ सप्टेंबर

तळ्याच्या फोटोच्या मालकीणबाईंची मेल आली. बाकावर त्यांचे यजमान होते, ते कृपया परत ठेवावेत. मी नियम लिहून पाठवला की जुनी प्रत राहत नाही. वाईट वाटलं. पण मतं पडली होती आणि काम स्वच्छ होतं.

१८ सप्टेंबर, सोमवार

दुसरी सुधारणा. आईच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं काढली. आपली आई ताजीतवानी दिसलेली कोणाला नको असेल? हिरवं.

१९ सप्टेंबर

आईचा आवाज फोनवर वेगळाच होता, हलका. मी म्हटलं, शिवणाची कामं कमी झाली वाटतं. ती म्हणाली, कसलं शिवण? मी मशीनबद्दल विचारलं. पलंगाजवळचं मशीन, ज्याच्या आवाजात मी परीक्षांचा अभ्यास केला. आईने ढमीला फोन दिला. ढमी म्हणाली, “ताई, आपल्याकडे कधी होतं गं मशीन? तुला साहेबीण केली तर तू येडीच झालीस.” मागे आई हसत होती. मीही हसले. पण मशीनच्या जागी आता काय आहे, हे विचारायचा धीर झाला नाही.

२० सप्टेंबर

आज तळ्याच्या बाईंची दुसरी मेल. त्यांना माझं उत्तर कुठल्या प्रश्नाचं ते कळलं नाही. त्यांचं लग्नच झालेलं नाही, त्या जन्मभर एकट्याच राहिल्या. मात्र रिकामा बाक फार शांत दिसतो, त्याबद्दल आभार.

दोन्ही मेल समोरासमोर ठेवून वाचल्या.

मॅडमकडे गेले. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. घराबाहेर पहिल्यांदा पडलं की असं होतं, म्हणाल्या. मी माझा फोटो काढून टाकला. तो फक्त माझ्या पानावरून गेला. बाकी सभासदांकडे आहे आणि मतं त्यांचीच आहेत.

बोक्याला विचारलं, तुला माहीत होतं का? त्याने पहिल्यांदाच डोळे पूर्ण उघडले. तो म्हणाला, त्याला एकटं राहायची सवय आहे, पण ती कधीपासून लागली ते आठवत नाही.

२१ सप्टेंबर

तिसरी सुधारणा माझ्याच टेबलावर आली. शेरा होता: चौघांमुळे गर्दी होते, तिघांचा त्रिकोण छान बसेल. ढमी नव्हती. तिच्या जागी आमचं दार, बिजागरीसकट.

मी लाल बटण दाबलं. लाल दाबलं की कारण विचारतात. तीनच कारणं आहेत: डाग, सावली, कडा. ‘ही माझी बहीण आहे’ असं कारण यादीत नाही. मी ‘सावली’ निवडलं. ते मॅडमकडे गेलं. त्यांनी फोटो मोठा करून इंच इंच पाहिला आणि म्हणाल्या, कुठेय सावली? काम तर फार स्वच्छ आहे.

२२ सप्टेंबर

आई म्हणाली, कोण ढमी?

नुसतं तेवढंच नाही. ती आनंदात होती. एकुलत्या एका लेकीचे लाड करायला सांगत होती बाबांना.

२३ सप्टेंबर, शनिवार

पर्समध्ये ढमीचा शाळेच्या ओळखपत्रासाठी काढलेला छोटा फोटो सापडला. छापील आहे. कागदाला सभासदांचा हात पोचत नाही! म्हणून ही वहीही जशीच्या तशी आहे. घरच्या फोटोची छापील प्रत आम्ही काढलीच नाही. आज काढू, उद्या काढू.

फोटो कॅमेऱ्यात घेतला, तिला कापून घरच्या फोटोत बसवायला घेतलं. पण ओळखपत्राचा फोटो छातीपर्यंतच असतो. खालचं काही नाही. शेवटी तिला आईच्या मागे ठेवली. आईच्या खांद्याआड झाकलं जातं. चौथी सुधारणा म्हणून पाठवली, खाली लिहिलं: ही खरोखर होती, कृपया मत द्या. माणसं चांगली आहेत. दिली.

२५ सप्टेंबर, सोमवार

आईचा फोन, ऑफिसात असताना. हळू बोलत होती, कोणी ऐकेल अशी.

“ढमी माझ्या खांद्यामागून हलत नाही गं. वळले की तीही वळते. आणि इतकी जवळ आहे, पण मानेला श्वास लागत नाही.”

मी विचारलं, बोलते का? नाही. जेवते का? घास तसाच तोंडात. बाबांनी मागून जाऊन पाहिलं, तेव्हापासून ते अंगणात बसून आहेत. आत येत नाहीत. मी विचारलं, त्यांनी काय पाहिलं? आई म्हणाली, खाली काही नाही म्हणतात.

हात दाखवून अवलक्षण. मी केलं हे.

२६ सप्टेंबर

पाचवी सुधारणा. शेरा: मागची मुलगी चिकटवलेली वाटते, सावली नाही. बरोबर आहे. सावली नाहीच.

आईचा सकाळपासून चौथा फोन वाजत होता. मी उचलला नाही. हिरवं बटण दाबलं. मीच. माझ्या हाताने.

फोन थांबला.

२७ सप्टेंबर

सकाळी वही चाळली. ढमी कोण?

मागची पानं तीनदा वाचली. अक्षर माझंच आहे. पर्समध्ये दोन वेण्यांची एक मुलगी आहे, ओळखपत्राचा फोटो. मी तिच्याकडे खूप वेळ बघितलं. कोणाची तरी पोर हरवली आहे एवढंच वाटतं. आणि रडू येतं, पण कशाचं ते —

पाच झाल्या. एकच उरली. ती बिनधोक गेली की फोटो पक्का, आई-बाबा वाचले. मी माझी सुधारणा टाकली: भिंत किंचित उजळ. बाकी काही नाही. कोणी बिघडवू नये म्हणून.

२८ सप्टेंबर

दुसरी कोणीतरी टाकली आहे. बाबांचं बोट.

बाबांबद्दल मी इथे फारसं काही लिहिलंच नाही. ते सुतार आहेत. फोटोत त्यांचा हात माझ्या खांद्यावर आहे आणि पहिलं बोट अर्धंच आहे. मी सात वर्षांची असताना करवतीत गेलं. तोवर मी शाळेत गेले नव्हते. त्यांच्या शेडमध्ये दिवसभर फळ्यांना पॉलिशपेपर घासायचे, आमच्यात मुली तेच करायच्या. पट्टी बांधून घरी आले आणि दुसऱ्या दिवशी मला शाळेत घेऊन गेले. पोरीच्या हातात लाकूड नको, म्हणाले.

सभासदांनी ते बोट पूर्ण केलंय. नखसुद्धा. खाली किती मायेने लिहिलंय: काकांचा हात पुरा होऊ दे. माझ्या भिंतीला एकेचाळीस मतं. बोटाला सहाशे.

उद्या बारा वाजता मतं बंद.

बाबांना फोन केला. सगळं सांगता येईना. म्हटलं, बाबा, बोट परत मिळालं तर? ते हसले.

“मिळू दे की. पण बोट असतं तर तुला शाळेत कोण घालत होतं?”

मग म्हणाले, चेष्टा केली गं, रडतेस कशाला.

त्यांना बोट मिळतंय आणि मी आड येतेय. कोणती मुलगी असं करते?

२९ सप्टेंबर, शुक्रवार

साडेअकरा. सगळ्या सभासदांना लिहिलं. थांबा म्हटलं. उत्तरं आली: केवढा जीव आहे बाबांवर! मतं अजून वाढली. नऊशे.

मॅडमना म्हटलं, लाल दाबा. त्यांनी विचारलं, डाग, सावली की कडा?

पावणेबारा. वही ऑफिसातच आहे. बोका माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. माझ्याकडे नीट बघून घेत होता, लक्षात ठेवायला बघावं तसं.

बारा. मॅडमच्या खोलीत टिक् झालं.

काही नाही. काहीच नाही झालं. मी —

टेबलाच्या कडेला काहीतरी चिकटवलंय. बारीक काळ्या रेघा. मगाशी वाचत होते ना मी —

मागचं पान. वाचता येत नाही. हे लिहितेय ते येतंय. अजून येतंय. हात लिहितोय म्हणून. थांबायचं नाही.

बोटांना भुसा. कुठून आला. लाकडाचा वास.

बाबा हाक मारतायत. फळी राहिली म्हणतात. हात केवढा चांगला त्यांचा. पाच —

थांबायचं नाही. नाव लिहून ठेवते. माझं नाव. मला येतं ते. पहिलं अक्षर असं, आधी उभी रेघ, मग