पाटलांच्या दमणीचे चाक

अप्पा,

पाटलांच्या दमणीचे चाक मोडले, त्याविषयी तुमच्या हयातीत मी पुन्हा कधी बोलले नाही. आज बोलायचे आहे. तुम्ही समोर असता तर मध्येच चष्मा पुसायला घेतला असता आणि मी गप्प बसले असते. म्हणून लिहिते आहे.

त्या वर्षी मी विसाव्या वर्षात होते. पुण्याच्या कॉलेजात शिक्षिका होण्याच्या अभ्यासाचा पहिला वर्ग पुरा करून सुट्टीला ठाण्याला आले होते. ज्याचा चेहराही मला नीट आठवत नाही अशा मुलाची मी विधवा, आणि तुम्ही साऱ्या आळीशी भांडून माझे केस राखले होते. भावकीने वर्षभर आपल्याकडे पाऊल टाकले नाही, तरी तुम्ही माझी पेटी स्वतः उचलून मला पुण्याच्या गाडीत बसवून दिले होते. हे आधी लिहून ठेवते, कारण पुढे जे लिहायचे आहे ते ह्याच माणसाविषयी आहे. दुसऱ्या कोणी ते केले असते तर मी इतकी वर्षे लक्षात ठेवले नसते.

आई त्याच थंडीत गेली होती. घरात तुम्ही एकटे. तुमच्या जेवणाचे शेजारच्या काकू बघत होत्या, आणि संध्याकाळ तुम्ही पाटलांच्या ओट्यावर काढत होता. पाटील तुमचे शाळेपासूनचे मित्र, तुम्हाला मास्तर म्हणायचे. ते ख्रिस्ती, आपण ब्राह्मण. त्यांच्या ओट्यावर तुम्ही तासन्‌तास बसायचात, भाताच्या भावापासून पोपसाहेबापर्यंत सगळ्यावर भांडायचात, पण त्यांच्या घरचे पाणी तुम्ही कधी घेतले नाही आणि त्यांनीही कधी पुढे केले नाही. त्या एका गोष्टीला वळसा घालून तुमची मैत्री चालली होती. त्यांची दमणी, ती छताची हलकी बैलगाडी, मात्र तुम्ही हक्काने मागून आणायचात.

मावशीकडे चार दिवस राहून आपण परत निघालो आहोत. घोडबंदरच्या वाटेवर शेवटचे घर मागे पडले, तसा तुम्ही कासरा माझ्या हातात देता. हे आपले लहानपणापासूनचे गुपित. "ओढू नकोस. नुसतं सांग त्यांना," तुम्ही म्हणता. मी पदर खोचून पुढे बसले आहे, आणि कॉलेजातल्या इंग्रज मुख्य बाई मराठी कशा बोलतात त्याची नक्कल करते आहे. तुम्ही हसता आहात. आई गेल्यापासून तुम्हाला इतके हसताना मी पाहिलेले नाही, म्हणून मी नक्कल आणखी वाढवते. वळणावर समोरून मिठाचा गाडा येतो. मी बैल डावीकडे घेते, जरा जास्तच घेते, आणि चाक मोरीच्या दगडावर आदळते. दोन आरे तुटतात, चाकाची लोखंडी धाव निखळून गवतात जाऊन पडते आणि दमणी एका अंगावर बसते. बैल जागच्या जागी उभे. कोणाला खरचटलेसुद्धा नाही.

गाड्यावरचा माणूस बघतच राहिला. "अरं, बाई गारी हाकते!" तो मागच्या गाडीवाल्याला ओरडून म्हणाला.

"हाकत नव्हती, मोडत होती," तुम्ही त्याला म्हणालात. आणि मी रडवेली झाले आहे असे पाहून वाकून मोरीचा दगड निरखलात. "सरकारी आहे हो. ह्याला कुठे लागलं नाही ना बघ, नाहीतर उद्या कलेक्टर दारात." त्या दोघा गाडीवाल्यांनी हात लावून दमणी कडेला घेतली. आपण बैल पुढे घालून चालत घरी आलो, आणि सगळ्या वाटेने तुम्ही मला एका शब्दाने बोलला नाहीत. त्या दिवशी माझ्या बापासारखा बाप साऱ्या ठाणे जिल्ह्यात नव्हता.

पाटलांनी चाक सुताराकडे धाडले. नवे आरे बसले. मग लोहाराने धाव लालभडक तापवून चाकावर चढवली, वर पाणी ओतले, आणि उठलेल्या वाफेत पलीकडे उभे असलेले तुम्ही दिसेनासे झालात. मी हे पाहायला मुद्दाम आले होते; मोडले मी, तर दुरुस्त होताना उभे राहावे असे मला वाटले होते. सुताराचे, लोहाराचे मिळून जे झाले ते तुम्ही उपरण्याच्या टोकाला बांधलेत आणि पाटलांकडे गेलात. मित्र झाला तरी त्याच्या वस्तूचे नुकसान भरून दिलेच पाहिजे, हे तुम्हीच मला शिकवलेले. मी भाकऱ्या थापत होते. तुम्ही परत आलात तेव्हा उपरण्याची गाठ तशीच होती. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभे राहून तुम्ही म्हणालात, "तो पैसे घेत नाही."

"मग?"

"त्याच्या दोन मुली आहेत ना. वर्षभर त्यांना शिकव, म्हणतो. म्हणजे फिटलं."

"कॉलेज पंधरा दिवसांनी उघडतं, अप्पा."

"मी शब्द दिला आहे."

"माझ्या वर्षाचा?"

तुम्ही चष्मा काढलात, उपरण्याने पुसलात, परत लावलात. माझ्याकडे न बघता म्हणालात, "हाकत तूच होतीस."

तव्यावरची भाकरी करपली. तुम्ही ती तशीच खाल्लीत. बोलण्यासारखे तुम्ही काही ठेवलेच नव्हते. हाकत मीच होते. कासरा कोणी हातात दिला, हे मी विचारू शकले असते. पण तो देण्यातच तुमचे सगळे प्रेम होते, त्याचा पुरावा म्हणून उपयोग करणे मला जमले नाही. तुम्हाला ते जमले.

ते वर्षभर मी पाटलांचा मनापासून द्वेष केला. असला कसला मित्र, चार लाकडाच्या दांड्यांसाठी एका मुलीचे वर्ष मागून घेणारा! त्यांच्या मुली दुपारी आपल्या ओटीवर येत. थोरली शहाणी, धाकटी महा अवली. येताना त्या कधी ताडगोळे आणत, कधी केळी. मी घेत असे, पण आभार मानत नसे. एकदा धाकटीने तिसऱ्यांदा तेच जोडाक्षर चुकवले आणि वर थट्टा करू लागली, तेव्हा मी ताडकन म्हटले, "तुझ्या बापाचं चाक फेडायला बसले आहे मी इथे, तुझी थट्टा ऐकायला नाही." तिने पाटी खाली ठेवली. "कंचं चाक, बाई?" मला वाटले, पोर आहे, हिला कुठले ठाऊक. पाटी तिच्या हातात देऊन मी म्हटले, "लिही." अप्पा, ती मुलगी मला सगळे सांगून गेली होती, आणि मी तिला शुद्धलेखन घातले.

पुढल्या वर्षी तुम्ही मला पुण्याला धाडलेत, ते खरे. पण मध्ये खंड पडला म्हणून कॉलेजाने मला पुन्हा पहिल्या वर्गात बसवले. माझ्याबरोबरची, माझ्याच खोलीत राहणारी मैत्रीण तोवर पास होऊन तिथेच शिकवू लागली होती. माझा पहिला पाठ तिनेच तपासला. वर्गासमोर म्हणाली, "फळ्यावरचं अक्षर मोठं काढत जा, मागच्यांना दिसत नाही." बरोबरच होते ते. मी मोठे अक्षर काढू लागले. सुट्टीत घरी आले की तुम्ही विचारायचात, अभ्यास कसा चालला आहे, आणि मी म्हणायची, उत्तम.

मग मी ठाण्याच्याच मुलींच्या शाळेत लागले आणि आपण दोघे आठ-नऊ वर्षे एका घरात राहिलो. भांडण नाही, तंटा नाही. पाटील अंथरुणाला खिळल्याचे कळले तेव्हा तुमचे गुडघे धरले होते, म्हणून तुम्ही मला समाचाराला पाठवलेत. मी गेले. ते खाटेवर उशांना टेकून बसले होते, सून पायाशी बसून तांदूळ निवडत होती. मला बघून खूष झाले. धाकटीचे कौतुक सांगितले, ती आता सासरच्या सगळ्या गल्लीची पत्रे लिहून देते म्हणाले. आणि मग एकदम, "एक इचारू का गं बाय? त्या साली तू कालिज का सोडलंस? चांगली शिकत होतीस की."

"तुमच्या चाकासाठी, काका."

त्यांनी सुनेकडे पाहिले. "कंचं चाक?"

मी सांगितले. मोरी, मिठाचा गाडा, तुटलेले आरे. त्यांना ते हळूहळू आठवले आणि ते खोकला येईपर्यंत हसले. "अगं, ते चाक तर आधीच मेलेलं! सुतारानं दाखवलं ना, आरा आतून सगला भुगा. मास्तर पैसं बांधून आला. मी बोललो, मास्तर, तू माझ्या घरचं पाणी पीत नाय, मी तुझं पैसं घेत नाय. झालं फिट्टंफाट! लय हसलो दोघं त्या दिवशी."

"आणि मुलींना शिकवायचं?"

"ते तर तोच बोलला. निघाला, पायरीवर जाऊन उभा ऱ्हायला, नि बोलला, पोरीचं कालिजात मन नाय लागत, औंदा घरीच ऱ्हाते, तुझ्या पोरींना धाड तिच्याकडं. मी बोललो, देव पावला." मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांचे हसू गेले. "का गं? तसं नव्हतं?"

आजारी माणूस होता. मी म्हटले, "तसंच होतं, काका." सुनेकडे पाणी मागितले. ती बिचारी सासऱ्याकडे बघू लागली, त्यांनी मान हलवली, आणि तिने आणलेले पाणी मी तिथेच बसून सबंध प्याले. ह्या माणसाचा मी दहा-बारा वर्षे विनाकारण राग केला होता. त्याची भरपाई म्हणून दुसरे काही मला त्या घडीला सुचले नाही.

घरी आले तर तुम्ही ओटीवर वर्तमानपत्र धरून बसलेले. "पाटील कसा आहे?"

"खोकतात. पण हसत होते."

"कशाला?"

"जुनं काहीतरी आठवलं त्यांना."

तुम्ही चष्मा काढलात. मी आत जाऊन भात लावला.

त्या पायरीवर तुमच्या मनात काय आले असेल ते मी पुष्कळदा जुळवून पाहिले आहे. खाली उतरायचे, रिकाम्या घरी जायचे, पंधरा दिवसांनी मीही नसणार. तुम्हाला ते सोसले नसेल. हे मी समजू शकते. मी दगड नाही. पण ज्या माणसाने आळीला तोंडावर सांगितले होते की माझी मुलगी शिकेल, त्याने मुलीला तोंडावर "थांब" म्हणायला हवे होते. मी थांबले नसते. ते तुम्हाला ठाऊक होते, म्हणून तुम्ही म्हणाला नाहीत. मित्राला सांगितलेत की माझे मन उडाले, मला सांगितलेत की मित्राने मागितले, आणि दोघांच्या मध्ये एक कुजलेले चाक उभे करून ठेवलेत. ते खोटे मी पचवले असते. पण मोडल्याचा दोष तुम्ही त्या दिवशी हसण्यावारी नेला होता, मला माफ केले होते, आणि तीच माफी तिसऱ्या दिवशी परत घेऊन माझ्याविरुद्ध वापरलीत, हे मला अजून पचलेले नाही. वर्गात मुलगी चुकली आणि मी "असू दे" म्हटले, तर तो विषय तिथे संपतो. माझ्या हाताखालच्या शिक्षिकांना मी हे बजावून सांगते. का, ते त्यांना माहीत नाही.

पाटील त्या पावसाळ्यात गेले. त्यानंतर काही महिन्यांनी माझी धुळ्याला बदली झाली. तुम्ही सरकारी लखोटा हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलात, पण आतला कागद काढला नाहीत. "हुकूमच आहे?"

"हुकूमच आहे."

"कल्याण मिळालं असतं तर बरं झालं असतं. आगगाडीने रोज जाऊन-येऊन करता आलं असतं तुला."

"नाही मिळालं."

"मग जायलाच हवं," तुम्ही म्हणालात. स्टेशनावर माझी वळकटी हमालाला उचलू दिली नाहीत, गुडघे धरलेले असताना. धुळ्याहून मी दर पंधरवड्याला पत्र लिहीत होते, पैसे पाठवत होते. त्यात कसूर केली नाही. दुसऱ्या वर्षी काकूंचे पत्र आले, ते मला मिळाले तोवर सगळे उरकले होते. शेवटचे तीन दिवस तुम्ही माझी वाट पाहत होता असे त्यांनी लिहिले होते. आणि हेही की, तिला बोलावू नका, सरकारी नोकरी आहे, रजा मिळायची नाही, असे तुम्हीच त्यांना सांगत होता.

आता माझी नेमणूक कल्याणच्या शाळेवर झाली आहे. महिनाभर जुन्या दप्तरांची कपाटे लावून घेते आहे. हा कागद त्यांत जाणार नाही, आणि पाठवायला तर पत्ताच नाही. तरी लिहायला बसले आहे तर पुरते लिहिते.

हुकूम होता, अप्पा, पण तो माझ्याच अर्जावर निघालेला होता. कल्याणची जागा तेव्हा मोकळी होती आणि मला विचारलेही होते. धुळे मी मागून घेतले.