शेळीचं अंडं पिकेना

मुंबई, ९ जानेवारी १९७२

ती. सौ. चांगुणाआक्कास,
गहिनीनाथचा शि. सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे, माझी अंडी मात्र नाहीत. बाबांनी जन्मभर शेळ्या राखून मला एम. एस्सी. केलं, आता मी शेळ्यांची अंडी राखतो, एवढीच काय ती घराण्याची प्रगती! हसू नकोस, शेळीलाही अंडं असतं, सुईच्या टोकाहून बारीक. कत्तलखान्यातून अंडाशयं आणायची, त्यातली कच्ची अंडी काढून काचेच्या बशीत, उबदार पेटीत पिकवायची, हे माझं काम. पुढंमागं मूल न होणाऱ्या बायकांना याचा उपयोग होईल, असं आमच्या प्रयोगशाळेच्या सरांना वाटतं. पण एक अंडं पिकेल तर शपथ. तू अंड्यांना दटावतोस की काय, असं सरांनी परवा विचारलं.

दाजींना नमस्कार. या नापास भावावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
गहिनीनाथ

राहाता, २० जानेवारी १९७२

चि. गहिनीनाथास अ. उ. आ.

तुजं पत्र सासूबाईंना वाचून दाखवलं अन् घोटाळा झाला. मूल न होनाऱ्या बायकांचं ऐकलं तसं त्यांनी मला पुन्यांदा वाचाया लावलं. लग्नाला नऊ वर्सं झाली, तुला ठावं हाय. ह्यांची लंकामावशी ह्यांच्यासाठी दुसरी पोरगी बघून बसलीय, आखितीच्या मुहूर्ताला लगनाचा बार उडवायचा म्हनती. ह्ये नुसते खाली मान घालून बसत्यात. सासूबाईंनी मावशीला सांगितलं, थांबा, चांगुणाचा भाऊ अंडी पिकवतोय, तवर सोय हुईल. मलाबी तसंच वाटाया लागलंय.

एस. टी. नं पोतं धाडलंय. घाबरू नको, गव्हाचं काड हाय. सासूबाईंचं म्हननं, आंबा कदी बशीत पिकतो का, काडात आढी घाल म्हनावं. अन् मी येडी, सुतळीनं तोंड बांधून दिलं!

खरं काय ते कळीव. मला लई भ्या वाटतंया.

तुजी,
आक्का

मुंबई, १४ फेब्रुवारी १९७२

ती. सौ. आक्कास शि. सा. न. वि. वि.

पोतं पोचलं. सरांसमोरच उघडलं, दुसरं काय होणार! पुढच्या खेपेला कडबा मागव, तुलाच उपयोगी पडेल, म्हणाले.

काल पहिली अंडी पिकली. माझी हुशारी अशी, की इतके दिवस ती मीच मारत होतो. अंडाशयं मासळीसारखी बर्फात घालून आणायचो. सरांनी थर्मासात बोट घातलं आणि कपाळावर हात मारला. आता कोमट मिठाच्या पाण्यात आणतो.

पण आक्का, पिकली ती शेळीची. परदेशात बाईचं अंडं बशीत पिकवून बघितलंय, पण त्यातून अजून कुणाच्या कडेवर मूल आलेलं नाही. या आखितीला तर नाहीच, आणि किती आखित्या जातील ते मला सांगता येत नाही. माझ्या बशीच्या भरवशावर राहू नकोस. मला झोप येत नाही गं.

एक मात्र कर. डॉक्टर, भगत, उपासतापास, सगळं तुझ्याच अंगावर झालं. दोष पुरुषातही असू शकतो. दाजींची तपासणी करून घे, ती नगरला होते. समोर बोललो असतो तर दाजींनी मला बांधावरून हाकललं असतं, म्हणून इथून लिहितो. भित्रा तर आहेच मी.

रागावलीस तरी आपला म्हण.

तुझा,
गहिनीनाथ

राहाता, ९ मार्च १९७२

चि. गहिनीनाथास अ. उ. आ.

ह्ये लई चिडले. शेवटी सासूबाईंनीच त्यांना एस. टी. त बसवलं अन् आपुन शेजारी बसल्या. नगरच्या डाक्टरनं तपासून सांगितलं, उनीव ह्यांच्यात हाय, मूल व्हायची आशा न्हाई.

खरं सांगू? मला पयला आनंद झाला. मग ह्यांचं तोंड बघितलं अन् माजी मलाच लाज वाटली. मी नऊ वर्सं ऐकत आले, ते ह्यांनी एका दिसात ऐकलं.

काल लंकामावशी लग्नाची तारीख धराया आली. सासूबाईंनी तिला चहा दिला अन् म्हनल्या, पोरगी गुनाची हाय, तिला चांगल्या घरी द्या. आमच्या घरात सून हाय.

सकाळी ह्ये तुजं पत्र हातात घेऊन बसले हुते. पुरुषांसाठी काई निघालंय का, एवढंच इचारायचंय त्यांना, पन तोंडातून निघत न्हाई. म्हनून मीच इचारते. नसंल तर न्हाई म्हनून लिही. पन ह्या बारीचं पत्र माज्या नावानं नको, त्यांच्या नावानं धाड.

तुजी,
आक्का