आधी वजन, मग पिशवी

ती. मामांना,

भाच्याचा वाकून नमस्कार (तीन दिवस यंत्रावर वाकलेलाच आहे, त्यामुळे वेगळे कष्ट पडले नाहीत). तब्येत कशी आहे? मामी पथ्य मोडू देत नसतीलच. मी शनिवारपर्यंत तरी नोकरीत आहे.

साबणपावडरीच्या कारखान्यातून तुम्ही निवृत्त झालात आणि तुमची जागा मला मिळाली, तिथूनच माझे ग्रह फिरले. पिशव्या तोलणाऱ्या यंत्राचा तुमचा सी प्रोग्रॅम मी नव्याने लिहायला घेतला. तुम्ही सगळी व्हेरिएबल, म्हणजे आकडे ठेवायची नावं, अगदी वर, एकाखाली एक जाहीर केलेली. (साहेबांसमोर मी त्याला म्हातारपणाची शिस्त म्हणालो होतो. कानावर आलं असेल तर तो मी नव्हेच, असं समजा.) मी ती लागतील तिथे, मध्येच जाहीर केली आणि त्याच ओळीत त्यांत आकडेही भरले. प्रोग्रॅम तपासून यंत्राच्या भाषेत नेणारा माझ्या कॉम्प्युटरवरचा नवा कंपायलर हूं की चूं करेना. यंत्राचा कंपायलर मात्र तुमच्या वेळचा. त्याला सगळी नावं काम सुरू व्हायच्या आधी, वर लागतात. त्याने एकसष्ट चुका काढल्या. माझं डोकं फिरलं. मधल्या साऱ्या ओळी उचलल्या आणि जशाच्या तशा वर नेऊन ठेवल्या. एकही चूक उरली नाही. मग साहेबांना बघायला बोलावलं (कोणी सांगितलं होतं?).

त्या ओळींत वजन वाचायची ओळही होती, मामा. यंत्र आधी वजन घ्यायला लागलं आणि पिशवी पडायची नंतर. दर पिशवीचं वजन शून्य. यंत्राने इमानेइतबारे प्रत्येक पिशवी कमी भरली म्हणून खाली ढकलून फोडली. फोरमन घोटाभर पावडरीत उभा राहून शिंकत होता. साहेब शांतपणे म्हणाले, "शनिवारपर्यंत चालू करा. नाहीतर तुमच्या मामांना परत बोलावतो."

वर नुसती नावं लिहायची, वजन पिशवी पडल्यावर भरायचं, हे आता कळलंय. पण एकसष्ट ओळी तपासायच्या आहेत. घरात कोणाला सांगितलेलं नाही. फार एकटं वाटतं.

तुमचा,
भाचा

ता. क. साहेबांचा फोन आला तर काहीही कारण सांगा, पण कृपा करून येऊ नका.

आणखी ता. क. पाकीट चिकटवतानाच मामींचा फोन आला. साहेबांनी शनिवारची वाटही न बघता तुम्हाला कालच विचारलं म्हणे. तुम्ही सकाळपासून दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसला आहात आणि निवृत्तीनंतर पहिल्यांदा पोटभर जेवलात. या, मामा. मी बाजूला स्टुलावर बसेन.