साठ पेंग्विन आणि एक दार

३ मे
अम्युझमेंट पार्कातल्या खेळण्यांच्या दुकानात रुजू झालो. नोकरी सुट्टीच्या सीझनपुरतीच, पण ते कागदावर. साहेब माझी उंची बघून म्हणाले, गर्दी तुम्ही सांभाळा. म्हणजे सुपरवायझरच. असल्या गोष्टी लिहून देत नसतात, आपण समजून घ्यायच्या. कॅशवर एक काकू आहेत, बऱ्याच जुन्या. त्यांना सांगितलं, मी असताना काही काळजी करू नका. त्या म्हणाल्या, आधी टोप्यांची खोकी फोडा.

५ मे
वापरलेली टोपी परत घेता येत नाही म्हटल्यावर एका गिऱ्हाइकाने माझ्या कानाखाली लगावली. मी जागचा हललो नाही. (चष्मा सापडत नव्हता.) साहेबांना वॉकीटॉकीवर कळवलं. गिऱ्हाइकाशी हसून बोलत जा, म्हणाले. एसी केबिनमधून आवाज फार स्वच्छ येतो. काकूंनी बर्फ आणून दिला.

घरी ताईला सांगितलं, शेल्फ लागलं. मेहुणे म्हणाले, शेल्फाला पाच बोटं होती वाटतं.

६ मे
ठराव: रोज पंचवीस जोर. आज चार. पण मनापासून.

११ मे
साहेबांचा हुकूम होता, प्लास्टिकच्या तलवारी उघड्या ठेवा, लोकांना हाताळू द्या. आज दोन मुलांच्या बापांनी त्या हाताळल्या. एकाचं नाक फुटलं, दुसऱ्याचा दात काउंटरवर पडला. टोप्यांवर रक्त. मी मध्ये पडणारच होतो, पण आधी परिस्थितीचा अभ्यास करावा लागतो. अभ्यास चालू असतानाच काकूंनी दोघांच्या कॉलर धरून त्यांना बाहेर काढलं. माझी योजनाही नेमकी हीच होती.

साहेब आले. म्हणाले, डाग पडलेल्या टोप्या खालच्या थरात घाला.

जोर: शून्य. मान आखडली आहे.

१४ मे
रविवारी नवी स्कीम. प्रत्येक फॅमिली तिकिटावर कापडी पेंग्विन फुकट. पेंग्विन साठ आलेत. रविवारी माणूस हजारांनी येतं. काकू साहेबांना तोंडावर म्हणाल्या, लोक एकमेकांना तुडवतील. साहेब म्हणाले, निगेटिव्ह बोलायचं नाही. वर रांगेचे कठडे काढायला लावले, फोटोत वाईट दिसतात म्हणून. मागच्या दाराला कुलूप, चोऱ्या होतात म्हणून.

साहेबांनी माझं मत विचारलं. मी दोन्ही बाजू सांभाळल्या: खोकलो.

नंतर काकूंना सांगितलं, माझ्याकडे प्लॅन आहे. कुठला, म्हणाल्या. शिट्टी दाखवली.

१७ मे, सकाळी १०
सज्ज. आज माझी लायकी दिसेल.

१७ मे, ११.४०
गोदामात आहे. दाराला पाठ लावून लिहितोय म्हणून अक्षर हलतंय.

पेंग्विन वीस मिनिटांत संपले. एका बाईच्या हातातला पेंग्विन एकाने ओढला, तिच्या नवऱ्याने त्याच्या डोक्यात खुर्ची घातली. मग सगळेच सुटले. कोण कोणाला मारतंय ते कळेना. एक म्हातारे गृहस्थ रबरी हातोड्याने दिसेल त्याला हाणत होते. शिट्टी वाजवली. तोंडावर ठोसा बसला, शिट्टीसकट. त्याच क्षणी निर्णय घेतला: माल वाचवला पाहिजे.

११.४५
बाहेरून कुणीतरी दारावर थापा मारतंय. उघडणार नाही. एकाला घेतलं की शंभर घुसतील. बाईमाणूस असावं. गर्दीत बायकाही असतातच.

११.५०
काहीतरी प्रचंड आदळलं. काचेचं. थापा थांबल्या. दार मी एकट्याने राखलं.

१८ मे
खेळण्यांचं मोठं काचेचं शेल्फ काकूंच्या अंगावर पडलं. हात दोन ठिकाणी मोडला, तीन बरगड्या गेल्या. गोदामाच्या दारापाशी सापडल्या, असं सफाईवाल्याने सांगितलं.

दारं तिथे बरीच आहेत.

साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. गोदामातला एक फुगाही फुटला नाही, म्हणाले. ह्याला म्हणतात सुपरवायझर.

घरी ताईला बातमी सांगितली नाही. जेवलो नाही. ओठ सुजलाय ना.

ठराव: हॉस्पिटलात जाणे.

१९ मे
कामामुळे जमलं नाही.

२० मे
भेटीची वेळ चार ते सहा. साडेसहाला पोचलो. ट्रॅफिक.

२१ मे
चारलाच गेलो. काकूंचा हात गळ्यात, चेहरा काळानिळा. त्यांच्या सुनेने विचारलं, आपण कोण? काकूच म्हणाल्या, कामावरचे आहेत, बसू दे त्यांना.

सून चहा आणायला गेली. मी म्हणालो, काकू, त्या दिवशी आतमध्ये मी...

त्या म्हणाल्या, "साहेब येऊन गेले. गोदामाचं दार अडकतं, म्हणून कुणाला उघडता आलं नाही, असं मी त्यांना सांगितलंय. तुम्हीही तेच सांगा. नोकरी जाईल नाहीतर."

मी म्हणालो, दार अडकत नाही.

"माहितीये," त्या म्हणाल्या. "रोज मीच उघडते."

मग त्यांना पाणी हवं होतं. ग्लास त्यांच्या तोंडाशी धरायला सांगितला. धरला. निम्मं सांडलं.